ऊसकॅम्पातलं न्हाणीघर

त्या उन्हाळ्यात मला एका बाईंचा आवाज टेपवर हवा होता आणि एका कागदावर त्यांची सही हवी होती. दोन्ही गोष्टी ऑगस्ट संपायच्या आत. कारण ऑगस्टनंतर त्या कॅलिफोर्नियात मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. त्या गेल्या की हवाईतल्या त्या ऊसकॅम्पात बायका कशा जगल्या हे सांगणारं कुणी उरणार नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी होनोलुलूला विद्यापीठात इतिहास शिकत होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते. मी अमेरिकेत नक्की काय शिकतो हे त्यांना पत्रातून समजावून सांगणं मला कधीच नीट जमलं नाही. त्यांनी एकदा विचारलं होतं, "तिथला बॉयलर कशावर चालतो?" मी चौकशी करून कळवलं, की इथंही उसाच्या चिपाडावरच चालतो. त्यांचं त्यावर आलेलं पत्र नेहमीपेक्षा लांब होतं.

होनोलुलूत एक मराठी डॉक्टर काका आणि काकू होते. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. मी ऊसकॅम्पावर प्रबंध लिहिणार म्हटल्यावर काकूंनी वरण वाढता वाढता डाव थांबवला.

"अरे, अमेरिकेत येऊनसुद्धा ऊसच? तुझ्या गावात काय कमी होता का?"

"त्याला होमसिक वाटतंय," काका म्हणाले. "उसाशिवाय झोप येत नसेल."

त्यांची मुलगी तेवढी माझ्या बाजूनं बोलली, तीही इंग्रजीतून. मी हसलो, पण मनातून जरा ओशाळलो. खरंच, मी दुसरा विषय का घेतला नव्हता? आता वाटतं, ज्या विषयातलं थोडं तरी माझ्या हातांना माहीत होतं असा तो एकच विषय होता.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी काम नेमून दिलं होतं. "कंपनीच्या दप्तरात पुरुष मजुरांचे नंबर आहेत, उसाचे टन आहेत," त्या म्हणाल्या. "बायका कुठे आहेत ते शोधून आण."

म्हणून मी जूनमध्ये विमानानं बिग आयलंड या हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटावर गेलो आणि तिथून बसनं उत्तरेच्या किनाऱ्यावर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे सगळा ऊस. डोंगराच्या अंगाला कंपनीच्या मॅनेजरचा पांढरा बंगला होता, आणि खाली पत्र्याच्या छपरांची मजुरांची वस्ती. तिलाच कॅम्प म्हणायचे. शंभर वर्षांत कंपन्यांनी जहाजं भरभरून माणसं आणली: चीनमधून, जपानमधून, पोर्तुगालच्या बेटांवरून, फिलिपिन्समधून. प्रत्येकाचा कॅम्प वेगळा ठेवला, आणि एकाच कामाची मजुरीही वेगळी. ही माणसं एकमेकांत मिसळली नाहीत तर एकत्र संप करणार नाहीत, असा साधा हिशेब होता.

मी गेलो तेव्हा जपानी कॅम्पात आठदहा घरं उरली होती. तीही पुढच्या वर्षी पाडायची ठरली होती. मागे उरलेली पाच-सहा वयस्क माणसं, मग ती कुठल्याही कॅम्पातली असोत, आता तिथंच राहत होती. मला ज्यांचा आवाज हवा होता त्या बाई त्यांच्यातल्याच, सत्तरीच्या पुढच्या. जन्म त्याच कॅम्पातला, आईवडील जपानहून आलेले. हवाईत मोठ्या बाईला सगळे आंटी म्हणतात, आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. म्हणून मीही आंटीच म्हणायला लागलो.

आंटींनी मला पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं.

"मागे एक मुलगा येऊन गेला," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखंच मशीन घेऊन. मी बोलले. त्यानं लिहिलं आणि मला पाठवलं. त्यात आम्ही सगळे बिचारे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बिचारे. मी चाळीस वर्षं या कॅम्पाचं न्हाणीघर चालवलं. मी बिचारी दिसते?"

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं. चहा पी आणि जा."

मी चहा घेतला, पण निघालो नाही. शेजारच्या रिकाम्या घरात मला राहायची परवानगी मिळाली होती. दोन आठवडे मी त्यांच्या दारावरून जाता-येता नमस्कार करत राहिलो. एका दुपारी त्यांनी हाक मारली. मी दिवसभर जळालेल्या उसाच्या रानातून फिरून आलो होतो. तोडणीआधी तिथं ऊस पेटवून पाला जाळतात, त्याची काजळी माझ्या कानात, नाकात, सगळीकडे गेली होती.

"असा काळा होऊन फिरू नकोस," त्या म्हणाल्या. "पाणी तापलंय. तू पाहुणा, तू आधी जा."

न्हाणीघर म्हणजे पत्र्याची शेड. आत रेडवूड लाकडाच्या फळ्यांचा चौकोनी टँक होता, चार माणसं बसतील एवढा. त्याचा तळ तांब्याच्या पत्र्याचा, आणि त्याखाली बाहेरच्या बाजूनं जाळ घालायची चूल. पाणी काठोकाठ भरलेलं, वाफ येत होती. समोर लाकडी जाळीच्या जमिनीवर एक बुटकं स्टूल आणि एक लहान घमेलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही हंड्यातलं पाणी काढून पाटावर बसून अंगावर घेतात. मी स्टुलावर बसलो, घमेल्यानं पाणी घेतलं आणि काजळी निघेपर्यंत ओतत राहिलो. किती दिवसांनी अशी आंघोळ होत होती! होनोलुलूतल्या शॉवरखाली मला कधीच अंग धुतल्यासारखं वाटलं नव्हतं.

टँक अर्ध्याच्या खाली गेला तेव्हा मी थांबलो. आणि मग मला विचार पडला. साबणाच्या हातानं घमेलं मी त्याच पाण्यात बुडवत होतो. म्हणजे उरलेलं पाणी उष्टं झालं. आपलं उष्टं पाणी दुसऱ्याला ठेवून जायचं नाही, हे आईनं लहानपणापासून शिकवलेलं. मी फळीतलं तळाजवळचं लाकडी बूच काढलं, पाणी सोडून दिलं, कोपऱ्यातला काथ्या घेऊन टँक आतून घासला आणि कपडे करून बाहेर आलो.

बाहेर बाकावर पाच म्हातारी माणसं खांद्यावर टॉवेल टाकून बसली होती.

"झालं?" आंटींनी विचारलं.

"झालं. टँकही घासून ठेवलाय."

"घासून? पाण्यात कसा घासलास?"

"पाणी सोडलं ना आधी."

आंटींनी वळून धुराड्याकडे बघितलं. मग आंटी किंचाळल्या, "आग!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिकाम्या भांड्याखाली जाळ. फायरमनचा मुलगा मी! वडिलांनी मला बॉयलर हाऊसमध्ये पहिल्यांदा नेलं तेव्हा शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती: पेटवताना पाणी आधी आणि जाळ नंतर, विझवताना जाळ आधी काढायचा आणि पाणी नंतर. मी पळत मागे गेलो, लोखंडी आकडा दिसला तो घेतला आणि चुलीतली जळती लाकडं मागे ओढून काढली. आधी लांबची, मग जवळची, निखारे सगळ्यात शेवटी. तांब्याचा पत्रा निळसर पडला होता, पण वाकला नव्हता. फळ्याही शाबूत होत्या.

मी परत आलो तेव्हा मला कुणाकडे बघवेना. त्या बाकावर एक फिलिपिनो गृहस्थ होते, साठीचे. त्यांना सगळे मनोंग म्हणत. त्यांच्या भाषेत ते आपल्या 'दादा'सारखं. ते आंटींना बाथ बॉस म्हणत.

"बाथ बॉस," मनोंग म्हणाले, "चाळीस वर्षं मी या पाण्यात बसतोय. सगळं पाणी एकट्यानं संपवणारा आज बघितला."

"इंडियात मोठ्या नद्या असतात," दुसऱ्या कुणी तरी म्हटलं. "त्याला टँक कसा पुरणार?"

मला तिथंच कळलं की अंग आधी बाहेर धुवायचं असतं, आणि टँकमधलं पाणी हे नुसतं गळ्यापर्यंत बसण्यासाठी असतं. सगळ्यांनी एकामागून एक, त्याच पाण्यात. त्यासाठी आंटी दुपारी एकपासून जाळ घालत होत्या.

मी रबरी नळीनं टँक पुन्हा भरला आणि लाकडं फोडायला बसलो. रानपेरूची लाकडं होती, कठीण आणि चिवट. आंटी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "जाळ असा मागे ओढायला कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत."

"आणि बॉयलरवाल्याचा मुलगा रिकाम्या टाकीखाली जाळ ठेवतो. बापाला कळवू का?"

"नका कळवू, आंटी."

त्या पहिल्यांदाच हसल्या. मग खाली बसल्या आणि मी लावलेली लाकडं उलटीसुलटी करून पुन्हा लावली. "कारखान्याचा बॉयलर वेगळा. त्याला जोर पाहिजे. माणसाच्या पाण्याला जोर नको." आणि अगदी सहज पुढे बोलायला लागल्या. तोडणीच्या दिवसांत संध्याकाळचा पहिला तास त्या पाणी कोमटच ठेवत. उसाच्या पात्यांनी मजुरांचे हात चिरलेले असत, कढत पाणी झोंबायचं. तोडणीवाले उठून गेले की मग जाळ वाढवायचा, कारण मागून म्हातारी यायची आणि त्यांच्या गुडघ्यांना कढत पाणीच लागायचं. तेव्हाचा टँक याच्या कितीतरी पट मोठा होता; पुरुषांचा आणि बायकांचा भाग मधल्या फळीनं वेगळा होता, पण फळी पाण्याच्या जरा वरपर्यंतच होती. बायका तिच्यापलीकडच्या गप्पा ऐकत, आणि कुठल्या शेतावरचा मुकादम घोड्यावरून चाबूक दाखवतो, कोण आजारी असून कामावर जातो, हे सगळं आंटींना दिवेलागणीपर्यंत कळलेलं असे. ज्याची पाठ दुखते त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कुणी तरी लाकडं फोडून द्यायचं.

मी कान देऊन ऐकत होतो. टेपरेकॉर्डर घरात राहिला होता.

"उद्या तीन वाजता ये," त्या म्हणाल्या. "लाकडं तू फोडायची. आणि ते मशीन आण. जाळ आहे तोपर्यंत बोलीन. निखारे झाले की गप्प."

त्यानंतरचे सात आठवडे मी तसंच केलं. माझ्या सगळ्या टेपांवर मागे लाकडांचा तडतड आवाज आहे. मार्गदर्शक बाईंनी फोनवर तक्रार केली, "जरा शांत जागी बसून घेता येणार नाही का?" मी म्हटलं, "नाही येणार, मॅडम." त्यांच्याशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

आंटी उसाचा पाला काढायच्या कामावर बारा वर्षांच्या असताना गेल्या होत्या. त्याबद्दल त्या दोन वाक्यं बोलल्या. पण ओलं लाकूड कसं ओळखायचं, पाण्याला कोपर लावून कसं बघायचं, तळाचा पत्रा गुणगुणायला लागला की माणसं आत सोडायची, हे त्या तासन्‌तास सांगत. मला हळूहळू दिसत गेलं, की रोज संध्याकाळी दोनशे माणसांना धुऊन, शेकून दुसऱ्या दिवशीसाठी उभं करणारी ही एक यंत्रणा होती, आणि ती कंपनीच्या कुठल्याही वहीत नव्हती. मला वडिलांचा अभिमान होताच. आता असा अभिमान मला कुणा परक्या माणसाबद्दल वाटू लागला होता, आणि तो कसा लिहायचा हे कळत नव्हतं.

ऑगस्टच्या मध्यावर आंटी मोठ्या संपाबद्दल बोलल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर झालेला, सगळ्या बेटांवरचे सगळे कॅम्प ज्यात पहिल्यांदा एकत्र आले तो संप. कारखान्याचा भोंगा दोन महिन्यांहून जास्त बंद होता. पुरुष मासे आणायला आणि रानडुकरं मारायला जात. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र. फिलिपिन्सहून नुकतीच जहाजानं आलेली पोरं एका लांबलचक बराकीत राहत. त्यांच्याकडे आंघोळीला फक्त थंड नळ होता.

"आमचं न्हाणीघर आमच्या कॅम्पापुरतं होतं," आंटी म्हणाल्या. "संपात मी दार उघडलं. ती पोरं आली. सगळे एका पाण्यात बसले." इतकंच. जाळ विझत आला होता.

मला रात्रभर आनंद पुरला. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण मिळालं होतं. शेवटच्या आठवड्यात मी विद्यापीठाचा छापील फॉर्म घेऊन गेलो. त्यावर सही नसेल तर त्या टेपा मला वापरता येणार नव्हत्या.

आंटींनी फॉर्म दोनदा वाचला आणि परत दिला.

"गोष्ट एकटीची नाही. ज्यांनी पाणी वापरलं त्यांनी आधी ऐकू दे."

म्हणून रविवारी दुपारी आम्ही सगळे न्हाणीघराच्या बाकावर बसलो. मी टेप लावली. बोलण्यात कुणाची नावं आली की म्हातारी माणसं हसत, एकमेकांना कोपरानं ढोसत. मग संपाचा भाग आला. दार उघडलं, ती पोरं आली, सगळे एका पाण्यात. मनोंग मान खाली घालून ऐकत होते.

"बॉस," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी नव्हतं उघडलंस."

मी टेप थांबवली.

"पहिल्या दिवशी आम्ही आठ जण टॉवेल घेऊन आलो होतो," मनोंग म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू आतून कडी लावलीस. म्हणालीस, पाणी संपलं. धुराड्यातून धूर निघत होता."

मला वाटलं, संपलं. आता या उठून जातील, सही नाही, काही नाही. मी काही तरी सावरून घ्यायला तोंड उघडलं.

"थांब," आंटींनी मला गप्प केलं. त्या मनोंगकडे बघत होत्या. "कॅम्पातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं होतं…" त्या थांबल्या. "नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं. माझंच मन होईना. परकी पोरं, आमच्या पाण्यात. माझंच."

मनोंगनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी लाकडांचा भारा होता," आंटी म्हणाल्या. "पेरूची लाकडं, फोडून, बांधून ठेवलेली. तुम्हीच ठेवली होती. ज्यांना मी पाणी संपलं म्हणाले त्यांनी. मला इतकी लाज वाटली, की मी स्वतः बराकीवर बोलवायला आले."

"आलीस," मनोंग म्हणाले. "दार ठोठावून म्हणालीस, पाणी गरम आहे, आधी बाहेर अंग धुवा. आणि आम्हाला सगळ्यांच्या आधी आत सोडलंस. हातात तो लोखंडी आकडा धरून दारात उभी होतीस. तुमची माणसं रांगेत होती, पण बोलायची हिंमत कुणाची!" मग त्यांनी डोकं खाजवलं. "पण बॉस, तो भारा… संपाच्या कमिटीनं सगळ्या कॅम्पांना लाकूड पोचवायचं काम आम्हाला दिलं होतं. यादीत तुझं न्हाणीघर होतं. म्हणून टाकला."

"मला लाजवायला नाही?"

"नाही. यादीत होतं."

आंटी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी तुला मोठ्या मनाचा समजत होते!"

बाकावरची सगळी माणसं हसायला लागली. मनोंग सगळ्यात जास्त. आंटींनी त्यांच्या पाठीत एक धपका घातला आणि त्याही हसल्या, डोळे पुसत पुसत.

हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे हात केला. "फॉर्म दे. आधी सही करते, म्हणजे तू असा घाबरून बसणार नाहीस." त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर. "आता नवीन टेप लाव. संपाचं पुन्हा सांगते."

"आधीचंही चांगलं आलंय, आंटी," मी चाचरत म्हणालो. मला खरंच ते आवडलं होतं. आणि कदाचित मला त्यांना जपायचंही होतं.

"त्यात मी चांगली दिसते," त्या म्हणाल्या. "तू तसंच लिहिशील. मग वाचणाऱ्याला वाटेल, चांगली माणसं होती, म्हणून जमलं. चांगल्या माणसांना सोपं जातं. आम्हाला सोपं नव्हतं गेलं."

मी नवी कॅसेट घातली. मनोंग सरकून मशीनजवळ बसले. आंटींनी चुलीत दोन लाकडं सारली, ती धरेपर्यंत थांबल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

"पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी दार उघडलं नाही."